एस्प्रेसो मशीन गळतंय, म्हणून ते संपलं असं नाही

कॉफीवेड्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: घरचं एस्प्रेसो मशीन गळू लागलं की त्याचं आयुष्य संपलं, दाब दाखवणारा काटा 15 बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) जात नसेल तर पंप गेला, दुरुस्तीत पैसे घालवू नका, नवीन घ्या. तोवर महिन्यातून एकदा व्हिनेगर फिरवा आणि आरओचं पाणी वापरा, बाकी काही लागत नाही.

पॉडच्या, म्हणजे कॉफीच्या तयार बंद डबीवर चालणाऱ्या, बंदिस्त यंत्रांपुरतं यात थोडं तथ्य आहे. पण गाजिया क्लासिक, रांचिलिओ सिल्विया किंवा ई-61 ग्रुपच्या (ग्रुप म्हणजे कॉफी भरलेला दांडा जिथे अडकवतात तो भाग) मशीनबद्दल हे सांगणं म्हणजे लोकांना चांगली वस्तू भंगारात काढायला लावणं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी गळतीचं बघू. कॉफी दांड्याच्या कडेने ओघळत असेल, तर बहुतेक वेळा दोष ग्रुपमधल्या रबरी गास्केटचा असतो. रोजच्या उष्णतेने ते कडक होतं. कुकरची रिंग कडक झाली म्हणून आपण कुकर टाकून देत नाही; इथेही तेच. खूण सोपी आहे: पूर्वी सरळ समोर थांबणारा दांडा आता आवळताना फार उजवीकडे जातो, आणि तरीही गळतो. 1961 मध्ये फाएमाने आणलेल्या ई-61 ग्रुपचं गास्केट आजही सहज मिळतं, नेहमीची जाडी 8.5 मिमी. बदलताना प्लग काढा, मशीन पूर्ण थंड होऊ द्या, वरची जाळी सोडवा. जुनं गास्केट प्लास्टिकसारखं टणक होऊन अडकलेलं असतं. त्यात लाकडात बसवायचा लोखंडी स्क्रू फिरवा आणि पकडीने ओढा. खोबणीतला कॉफीचा काळा थर खरवडून स्वच्छ केल्याशिवाय नवीन बसवू नका, नाहीतर तेही गळेल.

आता 15 बार. हा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा आहे, म्हणजे पाणी पुढे जाणं पूर्ण बंद असतानाचा. एस्प्रेसोला साधारण 9 बार लागतात. त्यामुळे काटा 9 वर थांबत असेल, तर मशीन नीट चाललंय! खरोखर दाब कमी असेल, तरी आधी कॉफीकडे बघा. पंप पाणी ढकलतो, पण दाब तयार होतो तो दांड्यात दाबून बसवलेल्या कॉफी पुडच्या अडथळ्याने. दळण जाड किंवा कॉफी शिळी असेल, तर नवा पंपही काटा वर नेणार नाही. मग टाकीची गाळणी तुंबली आहे का, नळीत हवा अडकली आहे का, दाब सोडणारा व्हॉल्व्ह पाणी भरभरून टाकीत परत पाठवतोय का, हे तपासा. इतकं झाल्यावरच पंपावर संशय घ्या. तो पंप म्हणजे एक कॉइल, एक दट्ट्या, स्प्रिंग आणि छोटे व्हॉल्व्ह. उल्का कंपनीचे असे पंप कितीतरी कंपन्यांच्या मशीनमध्ये असतात आणि सुटे मिळतात. अमेरिकेतून 120 व्होल्टचं मशीन आणलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, 50 हर्ट्झचे 60 करत नाही. हा पंप विजेच्या वारंवारतेवरच धडधडतो, म्हणून इथे तो मंद वाटतो. ती झीज नव्हे.

व्हिनेगरचा सल्ला अर्धवट आहे. आम्ल पांढरे क्षार विरघळवतं, कॉफीचं तेल नाही. तेलासाठी कॉफी मशीनची अल्कधर्मी पावडर लागते, आणि ती आंधळ्या (बिनछिद्राच्या) चकतीने दांडा बंद करून ग्रुपमधून उलटी फिरवायची तर तीन मार्गी व्हॉल्व्ह (कॉफी काढून झाल्यावर उरलेला दाब बाहेर सोडणारा) असलेल्या मशीनमध्येच. क्षारांसाठी लिटरभर पाण्यात सुमारे 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं, त्याला वासही राहत नाही. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र ते आत मुरवत ठेवू नका, आणि कंपनीची पुस्तिका काय सांगते ते आधी बघा.

आरओने थर कमी जमतो, हे खरं. पण वाफेच्या वेगळ्या बॉयलरमधली पातळी बऱ्याच मशीनमध्ये आतल्या धातूच्या कांडीला पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून कळते. क्षार जवळपास नसलेलं पाणी त्या कांडीला दिसतच नाही, मग बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरत राहतो. तुमच्या आरओला टीडीएस नियंत्रक (पाण्यात किती क्षार राहू द्यायचे ते ठरवणारा) असेल, तर तो अगदी तळाला ठेवू नका.

बॉयलर गंजून फुटला किंवा भाग खरंच कुठेच मिळत नसेल, तर नवीन मशीन जरूर घ्या. गास्केटसाठी मात्र नको.