माशाला सलाईन

परवा मासळीबाजारात मी सरंग्याच्या भावावरून घासाघीस करत होतो, तेवढ्यात मासेवालीने चारचौघांत विचारलं, "तुज्या माश्याक आता कसा आसा? सलायन काढलंस?" बाजूच्या बाईने माझ्याकडे अशा हळहळीने पाहिलं की मी तिने सांगितलेल्या भावात सरंगा पिशवीत टाकून चालता झालो. ही सगळी शेजारच्या तात्यांची कृपा.

माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून बांधतात, म्हणजे पाण्यातला माल रोज खर्च होतो आणि रोज भरावा लागतो. कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखात ४२० भागांच्या) आसपास, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तिच्या मापात ८ डीकेएच, मॅग्नेशियम १३०० पीपीएम. अल्कलिनिटी एकदम वरखाली झाली की नाजूक जातींची टोकं पांढरी पडतात. म्हणून डोसिंग पंप, म्हणजे ठरल्या वेळी मोजून द्रव सोडणारं यंत्र. मोटरवर रोलर फिरतात आणि सिलिकॉनची नळी दाबत द्रव पुढे ढकलतात, आपल्या आतड्यातून घास सरकतो तसा. काही महिन्यांनी नळी ढिली पडते, पंप दहा मिली म्हणतो आणि सोडतो नऊ. मग मोजनळी खाली धरून त्याला पुन्हा खरं बोलायला शिकवावं लागतं.

हे काम मी पडवीत करत होतो. पडवीत करायला नको होतं असं घरच्यांचं म्हणणं, पण आत उजेड नाही आणि पडवी अजून तरी माझी आहे.

तात्या निवृत्त कंपाउंडर. बाटलीला कागदाची खाचांची पट्टी चिकटवून तांबडं मिक्श्चर द्यायचे, त्या जमान्यातले. नळ्या आणि बाटल्या पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"ह्यां काय रे? सलायन कोणाक लावलंस?"

"टाकीक, तात्यानू. डोसिंग पंप आसा."

"डोस? माश्याक काय झाला?"

"काय होऊक नाय."

"काय होऊक नाय तर डोस कित्याक?"

याला उत्तर आहे, पण ते द्यायला रसायनशास्त्र लागतं. मी गप्प राहिलो. तात्यांनी खुर्ची ओढली.

"दिवसाक किती येळा?"

"चोवीस. दर तासाक थोडो थोडो."

"चोवीस!" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे केस सीरियस आसा. जेवणाआदी की नंतर?"

मग त्यांची नजर मिठाच्या पार्सलवर गेली. दारात समुद्र असताना मीठ कुरियरने मागवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला म्हणे. आता पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी म्हणजे खाड्यांनी आणलेली तांबडी माती आणि वर गोडं पाणी; त्यात प्रवाळ ठेवायचे तर आधी त्यांचा विमा उतरवावा लागेल. हे त्यांना पटलं नाही. उलट "किल्ल्यामागसून एक जिवंत दगड आणून दिलंय असतंय" ही ऑफर आली. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, शिवाय मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे सांगितल्यावर ते फक्त म्हणाले, "दगडाक कसलो कायदो?"

एवढ्यावर भागलं असतं. पण दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखंच दिसतं ना!

"दोनव एकाच बाटलेत भर. एक पंप वाचात."

"नको, तात्यानू, कॅल्शियम नि सोडा एकत्र इले की..."

तोवर त्यांनी दोन्हीतलं थोडं थोडं माझ्या मोजनळीत ओतलंही होतं. पाणी दुधासारखं फुटलं आणि पांढरा गाळ तळाला बसायला लागला. तात्या लहान मुलासारखे खूश. "चुनो!" आणि कनवटीची चंची बाहेर.

"हात लावू नकात! खडू तो, पानाक चलाचो नाय."

"मग चुनो टाकीक चलता?"

इथे माझी पंचाईत झाली. कारण चालतो. विरलेल्या चुन्याची निवळी हा प्रवाळ पाळणाऱ्यांचा जुनाच उपाय आहे, फक्त तिचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून ती थेंबाथेंबाने सोडायची. मी "चलता, पण..." म्हणालो आणि "पण" च्या आत त्यांची चुन्याची डबी माझ्या नाकासमोर होती. "घे! फुकट! अंदाजान घाल मेल्या. मी सगळ्या तालुक्याक अंदाजान मिक्श्चर दिलंय, एक मेलो नाय. मेले ते म्हातारपणान."

या अंदाजाचाच मला वीट आला आहे. प्लंबर "सकाळी" येतो म्हणजे कुठल्या दिवशीच्या, ते विचारायचं नाही. माडाची झावळ तारेवर पडते, लाईट जाते, फोन केला की "येयत" एवढंच उत्तर, आणि त्या "येयत" वर इन्व्हर्टर रात्रीत मान टाकतो. माझ्या पंपाच्या घड्याळाला बॅटरी नाही. लाईट दुपारी आली तरी त्याच्या मते रात्रीचे बारा वाजलेले असतात. दर वेळी मी स्टुलावर चढून त्याला वेळ लावतो, घरातले म्हणतात इतकं मोजून कोण जगतं, आणि मी खरंच चिडतो, कारण मोजलं नाही तर टाकीतलं कोणी जगत नाही.

मोजनळी त्या दिवसापासून तात्यांकडेच आहे. मागायला गेलो तर तात्या तिने कोकमाचं आगळ बाटल्यांत भरत बसले होते, डोळ्यांच्या रेषेत धरून, थेंब न थेंब.

"तात्यानू, अंदाजान भरा की."

"गिऱ्हाईक अंदाजान पैशे देणा नाय रे," ते नळीवरची नजर न काढता म्हणाले. "पुढच्या आयतवारी ने."