हवा मोफत

आमच्या घराजवळच्या पेट्रोल पंपावर 'हवा मोफत' अशी पाटी आहे. पाटी कित्येक वर्षं जागेवर आहे, हवा मारणारा मात्र कधीच नसतो. तो जेवायला गेलेला असतो. सकाळी साडेआठला जा, जेवायला. संध्याकाळी सहाला जा, जेवायला. एकदा चुकून सापडला, तर मशीन गरम झालं होतं. "पंधरा मिनिटांनी या," म्हणाला आणि मी गाडी वळवेपर्यंत जेवायला गेला.

याच्या जेवणाच्या वेळा सांभाळण्यापेक्षा आपलीच हवा आपण बाळगावी, या स्वाभिमानी विचाराने मी कॉम्प्रेसर मागवला. जेवणाच्या डब्याएवढा लाल ठोकळा. एका बाजूला गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात घालायची पिन, दुसऱ्या बाजूला हातभर नळी. खोक्यावर छातीठोकपणे लिहिलेलं, १५० पीएसआय. पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर म्हणतं, ३३. उरलेल्या ११७ चं काय करायचं, हा विचार मला सुचला नाही. बायकोला सुचला. "अहो, डंपर घेतोय का आपण?"

पहिला महिना सुखाचा गेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःची गाडी, शेजाऱ्यांची गाडी, दोन स्कूटर, एक फुटबॉल आणि कोणाच्या तरी कंबरदुखीचा मोठा निळा चेंडू, एवढ्यांत हवा भरली. मशीनचा आवाज असा, की पिठाच्या गिरणीत कोणी खिळ्यांचा डबा उलटा केलाय. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीत येऊन विचारायचे, "बोअर मारताय का?" दर रविवारी मी प्रेशर तपासायचो. तपासताना नळी लावली की फुस्स, काढली की फुस्स, म्हणजे थोडी हवा जायचीच. मग ती भरायचो. आणि भरलेली नीट भरली का हे बघायला पुन्हा तपासायचो. टायरला काही झालेलं नव्हतं. मला झालं होतं.

खरी परीक्षा ऑगस्टात झाली, ताम्हिणी घाटात. मुळशी मागे पडलेली, माणगाव बरंच पुढे, धुकं एवढं की बॉनेटच्या टोकाशी पृथ्वी संपलेली, आणि मोबाइलला रेंज नाही. डावं मागचं चाक बसलं. खिळा. स्टेपनी होती. वेल्समधल्या लानेल्ली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास गाड्यांसाठी जादा चाक विकायची युक्ती निघाली, त्या गल्लीचं नाव आपण अजून डिकीत घालून फिरतो, हे मला ठाऊक होतं. त्या चाकातली हवाही अधूनमधून बघायची असते, हे ठाऊक नव्हतं. चार वर्षं चारच चाकं तपासली होती. पाचवं डिकीत चटईखाली झोपून हळूहळू चपटं झालं होतं.

"मशीन आहे ना," मी म्हणालो. असं म्हणायला मिळावं म्हणूनच तर माणूस मशीन घेतो.

खिळा तसाच राहू दिला. ट्यूबलेसमध्ये तो स्वतःच बुचासारखा बसलेला असतो, उपटलात तर भोक मोकळं. इंजिन चालू ठेवलं, पिन खोचली, नळी लावली. काटा अकरावर होता. इथे मला खोक्यावरचा दुसरा, बारीक अक्षरातला आकडा आठवला : मिनिटाला ३५ लिटर. १५० पीएसआय ही नुसती छाती, काम होतं ते या लिटरांवर. टायरच्या पोटात साधारण तेवढीच जागा, वर दीड वातावरणाएवढा दाब चढवायचा, म्हणजे पन्नासेक लिटर हवा कोंबायची. कागदावर दोन मिनिटांचंही काम नाही. पण ते पस्तीस लिटर मोकळ्या हवेतले. समोरून टायर ढकलायला लागला की मशीन दमतं. सहा मिनिटं झाली तेव्हा काटा चोविसावर होता. सातव्या मिनिटाला मशीन थांबलं. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही.

मी बटण दाबलं. दहा वेळा दाबलं. ठोकळा हातात घेऊन हलवला. नळीचं पितळी तोंड चाकावरून काढायला गेलो आणि अंगठा भाजला, कारण दाबलेली हवा तापते हे शाळेत शिकलो होतो ते फक्त परीक्षेपुरतं. शेवटी, "गेलं," असं मी जाहीर केलं. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला घाटात फार छान प्रतिध्वनी येतो.

पुढच्या वळणावर एक मावशी टपरीत कणसं भाजत होत्या. आम्ही तीन कणसं घेतली, लिंबू-मीठ चोळून. मावशींनी सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि मशीन बघायला म्हणून आमच्यासोबत गाडीपाशी आल्या. त्या वाकल्या, आणि ठोकळा आपणहून खडखडाट करत सुरू झाला. मावशी "आई गं!" म्हणून दोन हात मागे उडाल्या. माझं कणीस दरीत गेलं.

जास्त तापलं की मशीन स्वतःला बंद करतं आणि निवल्यावर सुरू होतं, हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, हेही. माहितीपत्रक घरी होतं, कपाटात, इतर माहितीपत्रकांच्या सोबतीला. चोविसाचे तेहतीस झाले, आणि आम्ही सावकाश माणगावला पोचलो.

ऑक्टोबरात मात्र ते खरंच गेलं. पार्किंगमध्ये, भर उजेडात, तपासणी चालू असताना. कस्टमर केअरला फोन केला. "सर, हे रिपेअर होत नाही, रिप्लेस होतं." मग रिप्लेस करा. "सर, वॉरंटी संपलीय." कधी? "सर, मागच्या गुरुवारी." कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने ठोकळा कानाशी धरून हलवला आणि सांगितलं, "वाइंडिंग गेलंय." आपल्याकडे पंखा, मिक्सर, पंप, काहीही बंद पडलं की वाइंडिंगच जातं.

तेव्हा मी स्वतः उघडायचं ठरवलं. सात स्क्रू. आत बघून थोडा अपेक्षाभंग झाला. एवढ्या आवाजाच्या मानाने आत काहीच नव्हतं : अंगठ्याएवढी मोटर, पांढरं प्लॅस्टिकचं दातेरी चाक, त्याला जोडलेला दांडा, दांड्याच्या टोकाला पिस्टन, आणि वर हवेला एकाच दिशेने जाऊ देणारी पातळ पत्र्याची झडप. पिस्टनच्या तोंडाशी वाटीसारखा एक वायसर. तो बघितला आणि माझा ऊर भरून आला. आमच्या बाबांच्या सायकलच्या पंपात असाच होता, चामड्याचा. पंप हलका लागायला लागला की बाबा तो काढायचे, तेलात बुडवायचे, बोटाने कडा फाकवायचे, की पंप पुन्हा दणदणीत. मी कपाटातून खोबरेल आणलं. सढळ हाताने सोडलं. सगळं परत जोडलं. सातपैकी सहा स्क्रू बसले.

मशीन सुरू झालं नाही. कारण ते बंद पडलं होतं फ्यूजमुळे. हा फ्यूज त्या पिनच्या नाकातच असतो. नाकाचा शेंडा हाताने फिरवून काढायचा, आतली काचेची नळी बघायची, जळली असेल तर तेवढ्याच अँपिअरची दुसरी घालायची. दहा रुपयांचं, दोन मिनिटांचं काम. हे मला लेकीने एक व्हिडिओ बघून सांगितलं, आणि व्हिडिओतला मुलगा तिच्याहूनही लहान होता.

फ्यूज घातला, मशीन चाललं, पार्किंगभर चंपीचा वास सुटला. काकांनी वरून विचारलं, "आज काय, मालीश?"

डिसेंबरात नवीनच आजार. सकाळी मशीन लावलं की नुसता आवाज, काटा शून्यावर. चार-पाच मिनिटांनी हळूच हवा यायला लागायची. दुपारी लावलं तर पहिल्यापासून व्यवस्थित. असं उन्हाच्या तालावर चालणारं यंत्र मी पाहिलं नव्हतं. शेवटी सायकलवाल्या मामांकडे नेलं. त्यांनी झाकण काढलं, झडपेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"खोबरेल कोणी घातलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "सेकंडहँड घेतलंय."

पुण्यातल्या डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल थिजतं तसंच ते झडपेवर थिजत होतं. पत्रा चिकटला की हवा अडली. मोटर तापून तेल वितळलं की झडप सुटायची. "हा वायसर चामड्याचा नाही, टेफ्लॉनचा आहे," मामा म्हणाले. "याला तेल लागत नाही. तेलाला धूळ चिकटते, मग हा घासला जातो. ज्याने विकला ना तुम्हाला, त्याला सांगा." मी सांगतो म्हणालो. मामांनी झडप पुसली, वायसरच्या कडा अगदी बाबांसारख्या बोटाने फाकवल्या, सातवा स्क्रू स्वतःच्या डब्यातून शोधून बसवला आणि तीस रुपये घेतले.

आता एकच शंका उरली होती. एवढ्या उलाढालीनंतर काटा खरं बोलतो का? मशीन चालू असताना तो नेहमी दोन-तीन पीएसआय वाढवून सांगतो, बंद करून बघावं लागतं. तरी दुसऱ्या मीटरशी ताडून घ्यावं म्हणून पेट्रोल पंपावर गेलो. आणि हवावाला चक्क जागेवर! स्टुलावर बसून डबा खात होता. म्हणजे तो खरंच जेवत असतो.

"मीटर बंद आहे साहेब," तो म्हणाला. "मशीनपण." मग त्याची नजर माझ्या हातातल्या लाल ठोकळ्यावर गेली. "हे चालतं? माझ्या बाईकचं मागचं चाक बसलंय. जरा मारता का?"

मारली. पाटीच्या बरोबर खालीच गाडी लावली होती. मागोमाग एक स्कूटरवाल्या बाई आल्या, मग एका शाळकरी पोराची सायकल. त्या सायकलीचं होतंय तोवर मागे एक रिक्षा येऊन लागली.

"हवा आहे का?" रिक्षावाल्याने मलाच विचारलं.

"मशीन गरम झालंय," मी म्हणालो. "पंधरा मिनिटांनी या."