कुटुंब म्हणता, मग सातबारावर नाव चढवा

मासेमारीची बंदी चालू, होड्या झापांखाली, त्यामुळे मालवण बंदरावरच्या पत्र्याखाली जुलैभर आमची गर्दी जरा जास्तच असते. विषय तोच, त्या स्वयंसेवी संस्थेचा. संस्था चालवणाऱ्या सरांनी शिबिरात छळलं म्हणून पोरीने काम सोडलं आणि सर अजून रोज कार्यालयात येऊन बसतायत.

"माणूस देवासारखो," भाऊंनी सुरुवात केली. भाऊ एका ट्रस्टचे विश्वस्त. पानाला चुना लावावा तसा प्रत्येक वाक्याला ते सेवाभाव लावतात. "तीस वर्षां सेवाभावान काम केल्यानी. संस्था म्हणजे कुटुंब. कमीजास्त झाला तर घरातच मिटवचा. कायदोबियदो कंपन्यांका."

"कुटुंब ना? मग सातबारावर तिचं नाव चढवा," शमाताई म्हणाली.

बाबल रिक्षावाला एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडे जाळं शिवणारा म्हातारा वळून बघायला लागला. भाऊंचा भावाशी हिश्शाचा दावा अजून कोर्टात आहे, हे इथे सगळ्यांना पाठ.

शमाताई मूळची दापोलीकडची, बचत गटाच्या कामात चौदा वर्षं काढलेली. "आमचं शिबिर शाळेत असायचं," ती सांगत होती. "बायकांना एकच न्हाणीघर, त्याला कडी नाही. मी ओढणी खिळ्याला बांधून आंघोळ करायचे. सरांना सांगितलं, तर कार्यकर्त्याने गैरसोय सोसायला शिकावं म्हणाले. ते स्वतः लॉजवर. शेवटची एसटी चुकली की त्यांच्याच मोटरसायकलवरून परत यायचं. मागे बसताना सॅक पाठीला नाही, पुढे धरायची, मध्ये. नव्या पोरींना हिशेबाची वही नंतर, हे आधी शिकवायचो आम्ही."

कोणीच काही बोललं नाही. मला त्या सॅकचं अजून डोक्यातून जात नाही. चौदा वर्षं एकमेकींना हे शिकवावं लागलं आणि बाहेर त्या कामाला आम्ही 'महिला सक्षमीकरण' म्हणत होतो.

"गावं आम्ही फिरायची, गट आम्ही बांधायचे," ती पुढे म्हणाली. "पैसे देणारे मुंबईहून आले की अहवाल सर वाचणार आणि सोलकढी आम्ही वाढणार."

गुरुजींनी शंका काढली. "पण ती मानधनावर होती ना? नोकर नाही. मग कायदा कसा लागेल?"

"गुरुजी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ट्रस्ट, सोसायटी, स्वयंसेवी संस्था सगळ्या धरल्यात. पगार असो, मानधन असो, फुकट काम करणारी असो, ती कर्मचारीच. कामासाठी जिथे जाल ती जागा आणि संस्थेने दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाण. आणि हा कायदा आला कुठून? राजस्थानातल्या भंवरीदेवीमुळे. ती साथीन होती, सरकारी योजनेत मानधनावर गावोगाव फिरणारी. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने त्यातून आरोपींना सोडलं. पण त्या घटनेवरून बायकांच्या संघटना आधीच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, आणि 1997 साली कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून देणारा विशाखा निकाल आला. त्यातूनच पुढे हा कायदा. हा कायदा आमच्यासारखीमुळेच आला, आणि तोच आम्हाला लागत नाही म्हणता?"

"पण तक्रार खोटी निघाली तर? माणूस आयुष्यातसून उठता!" भाऊंचा आवाज चढला.

"मुद्दाम खोटी केली, तर कारवाई त्याच कायद्यात आहे. पण पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. आणि तुमचं ते मिटवणं. समझोता तिने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाहीच."

"पुराव्याचा तुमी तरी बोला नको भाऊ," बाबल मध्ये घुसला. "क्रिकेट स्पर्धेच्या मंडपाचा बिल खय आसा?"

झालं. मंडपाचं बिल, मग ट्रॉफी कोणाच्या शोकेसमध्ये गेली, मग कोणी कोणाला धावबाद दिलं, असं वीस मिनिटं चाललं. भाऊ लालबुंद.

शमाताईनेच गाडी परत आणली. "भाऊ, तुमच्या ट्रस्टमध्ये माणसं किती?"

"चौदा."

"दहा माणसं झाली की छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. आहे?"

"आसा तर! रजिस्टर पण आसा."

"अध्यक्ष कोण?"

भाऊ जरा थांबले. "आमची ही."

"वहिनी तिथे कामाला कधीपासून? अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ कर्मचारी बाई असावी लागते. बरं, आणि बाहेरचा सदस्य?"

"मेवणो."

बाबल हसून हसून रिक्षाला टेकला. "म्हणजे भाऊ खरा बोलत होते गे शमाताय, संस्था म्हणजे कुटुंबच!" गुरुजींचा चहा नाकात गेला. भाऊ 'तसा नाय, तसा नाय' म्हणत राहिले आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना.

शमाताई तेवढी हसत नव्हती. ती बोटांवर मोजत होती.

"शिबिर 12 मेला संपलं. तक्रारीला मुदत तीन महिने. पुढे वाढवून देतात, पण कारण पटवावं लागतं." मग बाबलकडे वळून, "सरच संस्थेचे मालक, त्यामुळे त्यांच्या समितीकडे जाऊन उपयोग नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यावी लागेल, कलेक्टर कचेरीत. पोरगी तयार आहे, एकटीने जायला घाबरते. सोमवारी ओरोसला येशील?"

"सकाळी साडेआठाक दारात उभो रवतंय," बाबल म्हणाला.

"भाडं घे मात्र."

"ता मागे बघूया. आदी तिचो अर्ज लिवून काढा."

गुरुजींनी खिशातलं पेन काढून शमाताईपुढे धरलं.