अर्धा तास कोणाच्या खात्यावर?

दुपारी दोनला दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरी फोन करा. ‘आत्ता जरा पडलेत, चारनंतर करा’ हे उत्तर बडोद्यात अजून मिळतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. त्याच वेळी त्याच घरातला मुलगा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) खुर्चीवर मान टाकून पेंगला, तर सुपरवायझर समोर येऊन उभा राहतो. वडिलांची वामकुक्षी आणि मुलाचा कामचुकारपणा यांत फरक म्हणाल तर एवढाच, की त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण मोजतंय.

जर्मनीत राहून भारतातले कामाच्या तासांचे वाद वाचताना नेमका हाच मुद्दा निसटलेला दिसतो. 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी आठवड्याला 70 तास काम सुचवलं, जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी आकडा 90 वर नेला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं एका परिवहन महामंडळाच्या कॉन्स्टेबलचं निलंबन रद्द केलं. डबल ड्यूटी करता करता तो कामावर झोपला होता. जुलैत गुजरातनं वटहुकूम काढला आणि कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत न्यायला वाट मोकळी केली. एक बाजू म्हणते देश झोपेनं बुडेल, दुसरी म्हणते पॉवर नॅपनं, म्हणजे कामाच्या मधल्या छोट्या डुलकीनं, उत्पादन वाढेल. दुसरी बाजू दिसायला आपली वाटते, पण तिच्यावरही फार विसंबू नये.

कारण चेन्नईत हे तपासून झालंय. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 452 जणांना डेटा एंट्रीचं काम दिलं होतं. ही माणसं रात्री आठेक तास अंथरुणात असायची आणि प्रत्यक्ष झोप व्हायची साडेपाच तास. उकाडा, आवाज, डास. कारणं बडोद्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला वेगळी सांगायला नकोत. काहींची रात्रीची झोप साधारण 27 मिनिटांनी वाढवली, तर कामावर आणि मनावर फारसा फरक दिसला नाही. काहींना ऑफिसातच दुपारी अर्धा तास झोपायची सोय दिली. त्यांचं काम सुधारलं, लक्ष टिकलं आणि मनाला बरं वाटू लागलं. पण हीच माणसं तो अर्धा तास काम करत बसली असती, तर त्यांची एकूण कमाई जास्त झाली असती! म्हणजे डुलकीनं मन हलकं होतं हे खरं, आणि तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते हेही तितकंच खरं. ‘नॅप द्या, नफा वाढेल’ असं सांगून मालकाला पटवायला जाल, तर पहिल्या हिशोबातच तोंडघशी पडाल. मन ताळ्यावर राहणं ही कामगाराच्या हक्काची गोष्ट आहे, असं सरळ म्हणावं.

डुलकी घ्यायची तर कशी, यात मात्र घरी आणि इथं सारखेच घोळ होतात. दुपारी एक ते तीनच्या सुमाराला शरीराच्या घड्याळात एक खळगा असतोच. जेवला नाहीत तरी तो येतो, आणि वरणभात-बटाट्यावर श्रीखंड झालं तर जास्त खोल जातो. सकाळी सहाला उठणाऱ्यानं एक ते दोनमध्ये झोपावं, तीननंतर नाही. कारण दिवसभर जागून झोपेची जी भूक साठते, ती संध्याकाळी खर्च झाली की रात्री बारापर्यंत छत बघत पडावं लागतं.

गजर 25 मिनिटांचा लावावा. त्यातली पाच-सात मिनिटं डोळा लागण्यात जातात. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात 2006 मध्ये 5, 10, 20 आणि 30 मिनिटांच्या डुलक्या ताडून पाहिल्या. दहा मिनिटांची सर्वांत सरस ठरली. उठल्याबरोबर तरतरी आणि ती अडीच तासांपर्यंत टिकली. तीस मिनिटंवाले उठल्यावर आधी सुस्तावलेलेच होते. अर्धा तास ओलांडला की माणूस गाढ झोपेत उतरू लागतो, आणि तिथून ओढून काढला की डोकं जड, तोंड कडू, समोर येईल त्याच्यावर चिडचिड. ‘दुपारी झोपलं की मला त्रासच होतो’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तास-पाऊण तास झोपणारे असतात. रात्रपाळीला जाणाऱ्याचं गणित वेगळं. त्यानं निघण्याआधी दीड तास, म्हणजे झोपेचा पूर्ण फेरा होईल इतकं झोपावं.

पडण्याआधी घटाघटा अर्धा कप कॉफी प्यायली तर ती भिनेपर्यंत गजर होतो, हा लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचा उपाय खरोखर चालतो. डोळ्यांवर रुमाल, पायाखाली स्टूल, मोबाइल फ्लाइट मोडवर. झोप नाही लागली तरी मिटल्या डोळ्यांनी पडून राहावं. ‘झोप लागलीच पाहिजे’ या हट्टानं ती आणखी पळते. उठल्यावर तोंडावर पाणी मारावं, उजेडात यावं, आणि दहा-पंधरा मिनिटं ना स्कूटर, ना प्रेस मशीन.

आडवं व्हायला जागा नसेल तर बिघडत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात दिवसा झोपायला उन्हाळ्याखेरीज एरवी मनाई आहे. थकलेले, जागरण झालेले, वृद्ध, बालकं अशांना तेवढी सूट. पण तिथंच ‘आसीनप्रचलायितम्’, म्हणजे बसल्या बसल्या काढलेली पेंग, निर्दोष ठरवली आहे. वैद्यांचा दाखला देऊन डुलकी मोडीत काढणारे हा श्लोक सोयीनं विसरतात. वामकुक्षीतली डावी कूसही उगाच नाही. त्या कुशीवर जठरातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं, जळजळ कमी होते.

आणि झोपाळा! 2011 मध्ये जिनिव्हात बारा पुरुषांना 45 मिनिटं दुपारी झोपवलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा चार सेकंदांत एक हेलकावा घेणाऱ्या पलंगावर. डुलत्या पलंगावर झोप लवकर लागली. रावपुऱ्यातल्या कुठल्याही आजीनं हे फुकट सांगितलं असतं.

आता जर्मनीचं. इथं डुलकीची कोणी आरती ओवाळत नाही; कामाच्या वेळेत टेबलावर झोपलात तर लेखी ताकीद मिळू शकते. कायदा झोपेबद्दल बोलतच नाही, वेळेबद्दल बोलतो. दिवसाचे तास आठ, फार तर दहा. सहा तासांहून जास्त सलग काम नाही, मध्ये तीस मिनिटांची सुट्टी, नऊच्या वर गेलात तर पंचेचाळीस. ही सुट्टी बहुधा बिनपगारी असते, पण पूर्ण तुमची. खा, फिरा, झोपा. दहाहून जास्त माणसं असतील तर विश्रांतीची खोली द्यावी लागते, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आडवं होता येईल अशी सोय सक्तीची. सर्वांत मोलाचा नियम मात्र दुपारचा नाहीच. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत अकरा तास मोकळे हवेत. रात्र अशी राखली की दुपारची डुलकी चैन म्हणून उरते, औषध म्हणून नाही.

गंमत म्हणजे गुजरातच्या वटहुकमातही विनाखंड कामाची मर्यादा पाचवरून सहा तास केली होती, म्हणजे इथल्याइतकीच. आठवड्याची 48 तासांची मर्यादाही तशीच ठेवली होती. फरक बारा तासांच्या दिवशी कळतो. बडोद्याहून हालोलचे कारखाने चाळीसेक किलोमीटर. जायला-यायला दोन तास धरा, घरी उरले दहा. त्यात आंघोळ, जेवण, मुलं, बाजार. झोपेला साडेपाच तास उरले तर नशीब. ती तूट वीस मिनिटांच्या डुलकीनं भरून निघत नाही. डुलकीनं फक्त तूट जाणवेनाशी होते, आणि धोका तिथंच आहे.

काहींनी तर दुपारी झोपूच नये. रात्री झोप न लागण्याचा जुना आजार असेल तर उपचारात दुपारची झोप आधी बंद करतात. घोरणारा माणूस बोलता बोलता पेंगत असेल तर रात्री श्वास अडकतोय का ते तपासून घ्यावं. आणि आठवडेच्या आठवडे कोणी दुपारी दोन-दोन तास झोपून ताजातवाना न होता उठतोय, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालंय, तर त्याला आळशी म्हणू नका. नैराश्य असं झोपेच्या वेषातही येतं. डॉक्टरकडे न्या, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा.

1948 च्या कारखाना कायद्यानं दीडशेहून जास्त कामगारांच्या ठिकाणी विश्रांतीच्या खोल्या सक्तीच्या केल्या होत्या. खोली असते, तिच्यात बहुधा मोडक्या खुर्च्या आणि जुने खोके. जादा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल असं वटहुकमात होतं. असा कागद समोर येईल तेव्हा त्यावर आणखी तीन ओळी लिहून मागाव्यात: खोली रिकामी करून सतरंज्या टाकणार, दीड ते दोन दिवे बंद ठेवणार आणि तो अर्धा तास पगारात धरणार. तिसऱ्या ओळीवर अडेल, तिथंच जोर लावावा.