डाउनलोड ३८ टक्के, मत १०० टक्के

गेल्या शनिवारी रात्री माझ्या हातून एक गुन्हा घडला. चहाच्या टपरीवर आम्ही पाच जण उभे होतो. कुणीतरी विचारलं, "काय रे, तो नवीन गेम घेतलास ना? कसाय?" आणि मी खरं बोललो. ४,९९९ रुपये मोजून घेतलेला, तीन आठवडे रोज जेवणानंतर बायकोची बोलणी खात ३१ तासांत संपवलेला गेम. म्हटलं, "बराय. सुरुवात झकास, मधे आठ-दहा तास नुसती हमाली, इकडची पेटी तिकडे नेऊन द्या. शेवट परत चांगला. १० पैकी ७."

एकाने कटिंगचा ग्लास बाकड्यावर आपटला. "सात? अरे, तुला गेम कळतात का?" खिशातून फोन काढून त्याने माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर हिरवा चौकोन, चौकोनात ९१. कुलदैवताचा फोटो दाखवावा तसा. "म्हणजे बाकी सगळे खुळे आणि तू एकटा शहाणा?" पुढची वीस मिनिटं मी हेटर होतो, कंजूस होतो, दुसऱ्या कन्सोलवाल्यांचा माणूस होतो, शिवाय चाळिशी आल्यामुळे माझे रिफ्लेक्स गेले होते. शेवटी मी हळूच विचारलं, तू कुठपर्यंत पोचलास?

"डाउनलोड चालूय. ३८ टक्के. दुपारी लाइट गेली नसती तर झालाही असता."

घरी येईपर्यंत मला उपरती झाली. गेमविषयी बोलायचं तर गेम खेळावा लागतो, ही माझी गावंढळ समजूत. पाच हजार रुपये आणि ३१ तास वाया! माझं झालं ते झालं, निदान तुमचं नुकसान होऊ नये म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी, रिव्ह्यू वाचायची सवय सोडा. पान उघडलं की अंगठ्याने सरसर वर ढकलत थेट तळाशी जायचं, आकडा बघायचा, बाहेर पडायचं. मधल्या दीड-दोन हजार शब्दांत त्या माणसाने लिहिलेलं असतं की कॅमेरा भिंतीत घुसतो, लढाया छान आहेत पण पंधरा तासांनी त्याच त्या वाटतात, कथेचा शेवट गुंडाळलाय. हे वाचलंत तर तुमचं मत बनण्याचा धोका आहे. आकड्यात असला धोका नाही. आकडा आपल्या बाजूचा असला की मिरवायचा, नसला की तो लिहिणारा विकला गेलेला.

मग आकड्यांचं शास्त्र शिकून घ्या. १० म्हणजे उत्तम. ९ म्हणजे ठीक. ८ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. ७ म्हणजे स्टुडिओच्या दाराशी मडकं धरून कुणीतरी उभं आहे. १ ते ६ हे आकडे शोभेचे. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही म्हणा, आपण दहावीच्या निकालावर वाढलेली माणसं. समीक्षांची सरासरी शंभरपैकी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवर गेमचा चौकोन ७५ ला हिरवा होतो आणि आपल्या बोर्डाचं डिस्टिंक्शनही ७५ लाच, हा योगायोग मला तरी योगायोग वाटत नाही. साठ टक्क्यांना पूर्वी पहिला वर्ग म्हणायचे आणि पेढे वाटायचे. आता साठचा गेम म्हटलं की लोक तोंडाला रुमाल लावतात.

फरक एवढाच, की बोर्ड सगळ्या पेपरांची बेरीज उघड करतं. मेटाक्रिटिक सगळ्या समीक्षांची सरासरी काढताना काहींना जास्त वजन देतं, काहींना कमी. कुणाला किती, ते सांगत नाही. बोर्डाने असं केलं असतं तर पालकांनी मोर्चा नेला असता. इथे आपण त्या आकड्याला हार घालतो. आणि तो आकडा कुणाच्या पोटावर पाय देतो म्हणाल तर २०१० सालचा 'फॉलआउट: न्यू व्हेगस' आठवा. ऑब्सिडियन या स्टुडिओला ८५ गुण मिळाले तर बोनस, असा करार होता. मिळाले ८४. एका मार्काने मेडिकल हुकलेला मुलगा आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो. हा अख्खा स्टुडिओच तसा. आज तोच गेम लोक डोक्यावर घेऊन नाचतात. पण ते असो, आकडा म्हणजे आकडा.

प्री-ऑर्डर कराच. डिजिटल डाउनलोडच्या प्रती संपतात ना!

ट्रेलर आला त्याच रात्री 'गेम ऑफ द इयर' जाहीर करून मोकळे व्हा.

बॉस, म्हणजे गेममधला बलाढ्य शत्रू, मेला तर तुमचं कौशल्य. नाही मेला तर गेम टुकार.

आता मुख्य धडा. तुमच्या लाडक्या गेमला कुणी कमी गुण दिले तर गप्प बसायचं नाही. कमी म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण परंपरा थोर आहे. २०१३ मध्ये 'जीटीए ५' आला. गेमस्पॉट या गेमविषयक वेबसाइटच्या समीक्षिकेने त्याला १० पैकी ९ दिले. नऊ! आणि सोबत, बायकांच्या चित्रणाबद्दल एक तक्रार नोंदवली. लगेच तिला कामावरून काढा म्हणून अर्ज फिरला आणि हजारो लोकांनी सह्या केल्या. ९ मिळाले म्हणून. आपल्याकडे ९० टक्के मिळाल्यावर रडणारी मुलं असतात, पण ती निदान पेपर तपासणाऱ्याच्या घरावर चालून जात नाहीत. २०१६ मध्ये 'अनचार्टेड ४' वर वॉशिंग्टन पोस्टमध्ये एक नापसंतीची समीक्षा आली, तर ती मेटाक्रिटिकवरून काढून टाका म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. २०१७ मध्ये 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ला एकाने ७ दिले, सरासरी ९८ वरून ९७ झाली, आणि भक्तांनी त्याची वेबसाइटच हल्ला करून बंद पाडली. अठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव! त्या एका गुणाने झेल्डाचं काय बिघडलं? एक डोंगर कमी झाला? घोडा लंगडायला लागला?

आणि हे सगळं करून झाल्यावर, बरं का, तोंड वर करून विचारायचं की आजकाल समीक्षक खरं का बोलत नाहीत. सगळे आठ-नऊच का वाटतात. काय बोलणार ते? २००७ मध्ये जेफ गर्स्टमन या अनुभवी समीक्षकाने 'केन अँड लिंच' ला १० पैकी ६ दिले. त्या वेळी गेमस्पॉटच्या पानापानावर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. कारण काय ते सगळे समजून होते, पण त्याला स्वतःला ते उघडपणे सांगता आलं २०१२ मध्ये. म्हणजे वरून जाहिरातदार बसलेला, खालून आपण दगड घेऊन उभे. मधला माणूस, ज्याला एम्बार्गो उठायच्या, म्हणजे समीक्षा छापायची मुभा मिळायच्या, आधी चार दिवसांत चाळीस तासांचा गेम झोपमोड करून संपवायचा असतो, तो कशाला ६ लिहील? ८ लिहितो, जेवतो, झोपतो. मी त्याच्या जागी असतो तर ८.५ लिहिले असते.

मग येतो २०२० चा डिसेंबर. आठवतोय ना? 'सायबरपंक २०७७'. रिलीजआधी समीक्षकांना दिलेली प्रत फक्त पीसीची, आणि व्हिडिओत दाखवायची दृश्यंही कंपनीने दिलेलीच. सरासरी नव्वदीच्या आसपास. इकडे सोनीच्या पीएस ४ कन्सोलवर ज्यांनी पैसे भरले होते त्यांच्यासमोर चेहरे नसलेली माणसं, हवेत तरंगणाऱ्या गाड्या आणि दर तासाला क्रॅश. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून उचलला, परत ठेवला तो पुढच्या जूनमध्ये. पण रिलीजच्या आधी एका समीक्षिकेने ७ दिले होते, बग आहेत म्हणून लिहिलं होतं, तेव्हा तिच्या मागे कोण लागलं होतं? हेच. ज्यांचं डाउनलोड ३८ टक्क्यांवर होतं तेच!

रागावतोय मी. सल्ला राहूनच जातो.

तर, शून्य देण्याचं तंत्र. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' हा गेम १९ जून २०२० रोजी आला. संपवायला साधारण पंचवीस तास. आल्यानंतर काही तासांतच वापरकर्त्यांनी हजारोंच्या संख्येने शून्य देऊन सरासरी रसातळाला नेली. तिकडे समीक्षकांची ९३. शेवटी पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की रिलीजनंतर ३६ तास वापरकर्त्यांना गुण देता येणार नाहीत. काय ही गळचेपी. आता शून्य देण्यासाठी सुद्धा दीड दिवस थांबायचं, तेवढ्या वेळात चुकून एखाद्याने गेम खेळला तर? स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात तर त्याहून वाईट परिस्थिती. तिथे गेम आधी घ्यावा लागतो आणि मताशेजारी तुम्ही तो किती तास खेळलात हेही छापून येतं. "आयुष्यातला सर्वोत्तम अनुभव", खेळलेले तास ०.३. असं उघडं पाडायचं माणसाला?

आकडे नकोतच, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. युरोगेमर या वेबसाइटने २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं होतं, २०२३ मध्ये पाच तारे घेऊन परत आले. गिऱ्हाईक मापाशिवाय माल उचलत नाही.

आता शेवटचा धडा, तुमच्याकडे सल्ला मागायला आलेल्यांसाठी. परवा माझ्या वहिनीने टपरीवरच्या याच विद्वानाला फोन केला. पुतण्या नऊ वर्षांचा, वाढदिवसाला गेम द्यायचा आहे, कुठला देऊ? याने विचारलं का, मुलाला काय आवडतं? घरात कन्सोल कुठला आहे? एकटा खेळणार की बहिणीबरोबर? इंग्रजी कितपत वाचता येतं? काही नाही. "वहिनी, डोळे झाकून 'एल्डन रिंग' घ्या, ९६ आहे." घेतला. पोरगं पहिल्याच मैदानात त्या सोन्याच्या चिलखतवाल्या घोडेस्वाराकडून एकवीस वेळा मेलं. बाविसाव्या वेळी कंट्रोलर सोफ्यावर फेकून आईच्या पदरात तोंड खुपसून रडलं. वहिनीने मला विचारलं, "भावजी, हे असंच असतं का?" गेम उत्तम आहे हो, माझाही लाडका आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला ९६ टक्के देऊन काय करायचंय? त्याला बहिणीबरोबर उड्या मारायच्या होत्या.

म्हणून आता सरळ सांगतो, सल्लाबिल्ला गेला खड्ड्यात. अरे, तुमचे पाच हजार योग्य जागी गेले की नाही, हे दुसऱ्या कुणीतरी सही-शिक्क्यानिशी सांगावं म्हणून तुम्ही आकडा बघता. आणि घेण्याआधीच त्याच्यावरून भांडता, कारण न घेतलेल्या गेमचा सुद्धा तुम्हाला अभिमान वाटायला लागलेला असतो. सेव्ह कुठेही करता येतं का? आपल्याकडे लाइट जाते, हा प्रश्न आपल्याला पडलाच पाहिजे. माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालेल का? सबटायटलची अक्षरं लांबून वाचता येतात का? रात्री अकरा ते बारा एवढाच वेळ आहे, तेवढ्यात काही घडतं का त्यात? याची उत्तरं त्या न वाचलेल्या दोन हजार शब्दांत असतात रे, त्या चौकोनात नसतात. स्टीमवर घेणार असाल तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळतात. दोन तास! स्वतः खेळून बघायची सोय आहे, पण नाही, आम्हाला माणसं चावायचीत.

आणि टपरीवरच्या महाशयांनो, तुम्ही हे वाचणार नाही, थेट तळाशी येणार, म्हणून तुमच्यापुरतं इथे लिहितो. माझे सात सातच आहेत. डाउनलोड झालं की त्या पेट्या उचलायला लाग. आठ-दहा तास उचल, मग ये भांडायला, चहा मी पाजतो.