गुरू म्हणजे पोकळ फुगा नव्हे

शाळांच्या विज्ञान प्रकल्पांचे दिवस आले की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सूर्यमालेचा एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो जुळे सोलापूरपासून बाळ्यापर्यंत पोचलाय आणि मुलं तो जसाच्या तसा तक्त्यावर उतरवतायत, म्हणून हे लिहितोय. मेसेज असा: ‘सूर्याने जड दगड-लोखंड जवळ ओढलं, हलका वायू लांब फेकला गेला. म्हणून बुध ते मंगळ खडकाळ आणि गुरू ते नेपच्यून नुसते वायूचे पोकळ गोळे. त्यांच्यातून यान आरपार जाईल. गुरूवर ठिणगी पडली तर दुसरा सूर्य पेटेल.’

मुळातली चूक पहिल्याच वाक्यात आहे. जड ते आत आणि हलकं ते बाहेर असं झालं असतं, तर मधोमध बसलेला सूर्य लोखंडाचा असता. तो तर बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचा आहे! ज्या तेजोमेघातून, म्हणजे वायू आणि धुळीच्या ढगातून, सगळं घडलं, त्यात हे दोन वायू आतबाहेर सगळीकडेच होते. फरक पडला तो तापमानाने. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण सिलिकेटांचा, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन असलेल्या खनिजांचा. सिलिकेटं आणि लोखंड हजार अंशांच्या जवळपासही घन राहू शकतात. पाण्याचा बर्फ मात्र तिथल्या विरळ दाबात साधारण उणे १०० अंशांखालीच टिकतो. त्यामुळे सूर्याजवळ ग्रह घडवायला फक्त दगड आणि धातू उरले, आणि त्या मेघात त्यांचा वाटा अगदी थोडा होता. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ लहान राहिले ते यामुळे.

मंगळाच्या पलीकडे, आज लघुग्रहांचा पट्टा आहे त्या भागात, हिमरेषा होती, म्हणजे जिच्यापलीकडे बर्फ टिकतो ती सीमा. तिच्या बाहेर दगडाच्या जोडीला बर्फही मिळाला, आणि पाणी घडवणारा ऑक्सिजन विश्वात मुबलक आहे. तिथल्या ग्रहांचे गाभे झपाट्याने वाढले, पृथ्वीच्या वस्तुमानाच्या दहापटीच्या आसपास पोचले आणि भोवतालचा हायड्रोजन ओढू लागले. हे घाईनेच व्हावं लागलं, कारण काही दशलक्ष वर्षांत तो वायू विरून गेला. म्हणजे वायू बाहेर फेकला गेला नाही. बाहेरच्यांना तो पकडता आला, आतल्यांना आला नाही. तक्त्यावर जायला हवं ते हे.

‘हलके’ हा शब्दही फसवा आहे. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे हे खरं, पण त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे. गुरूचं ३१८ पट. आतले चारही ग्रह एकत्र केले तरी पृथ्वीच्या दुपटीच्या आसपासच भरतात. शिवाय गुरूच्या पोटात हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं एकट्या पृथ्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

आरपार जाण्याचं म्हणाल, तर प्रयोग झालेला आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. जेमतेम तासभर तिने माहिती पाठवली. दाब पृथ्वीवरच्या वीसपटीच्या वर गेला आणि ती गप्प झाली. तोवर ती दीडेकशे किलोमीटर खाली उतरली होती. केंद्र होतं सत्तर हजार किलोमीटरवर. गुरूवर उभं राहायला जमीन नाही, एवढं खरं. पण खाली हायड्रोजन दाबाने द्रवासारखा होतो, आणखी खोलवर धातूसारखी वीज वाहू लागतो. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र त्यातूनच येतं. याला पोकळ कसं म्हणायचं?

ठिणगीच्या मुद्द्यावर फार थांबायला नको. जळायला ऑक्सिजन लागतो, तो तिथे मोकळा नाही. आणि सूर्य जळत नाही, त्याच्या गाभ्यात अणुकेंद्रकांचं मीलन होतं. त्यासाठी गुरू आहे त्याच्या ७५-८० पट वस्तुमानाचा हवा. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, हजारो अंश तापमानाचे गोळे उसळले, पृथ्वीहून मोठे काळे डाग पडले. गुरू पेटला नाही.

शेवटचं, मेसेजने बाहेरचे चारही एकाच माळेत ओवलेत. युरेनस आणि नेपच्यून वेगळे आहेत. त्यांच्यात हायड्रोजन-हेलियम थोडा. बहुतेक भाग पाणी, अमोनिया, मिथेन आणि खडक यांच्या उष्ण, दाट मिश्रणाचा असावा, म्हणून त्यांना हिम-महाग्रह म्हणतात. दोघांजवळून आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २: १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून.