बँक बघायची नाही, मालक बघायचा

यंदाच्या उसाच्या बिलाचे चार पैसे हातात आले असतील, तर ताळेबंद वगैरे वाचत बसू नका. रंकाळ्यावर भेळ खाता खाता एवढंच ठरवा: बँक सरकारी का खासगी? मालक कळला की बँक कळली.

सरकारी निवडलीत तर निवांत. 1969 साली 14 बँका सरकारच्या झाल्या, 1980 साली आणखी 6. पासबुकाचं मशीनही बहुधा तेव्हापासूनच बंद आहे. मार्च 2018 ला या बँकांच्या दर 100 रुपये कर्जातले साडेचौदा थकले होते. घाबरायचं काय त्यात? या बँकांत भांडवल भरायला सरकारनं आधीच 1 लाख 35 हजार कोटींच्या रोख्यांची सोय जाहीर केली होती, त्यांचं व्याज तुमच्या करातून. ठेवही तुमची, भरपाईही तुमची, थकबाकी तेवढी दुसऱ्याची!

याच बँकांनी 2023-24 साली 1 लाख 41 हजार कोटींचा नफा काढला. मालक तोच. पण हे तालमीच्या कट्ट्यावर बोलू नका, भांडणातली मजा जाते.

खासगीत गेलात तर एसी, आणि ‘सर, सर’ करणारं पोरगं. मी एकदा मुदत ठेव करायला गेलो नि पंधरा वर्षांचा विमा घेऊन बाहेर पडलो. माझं वय त्यानं विचारलंच नाही, मलाही त्या गारव्यात तरुण वाटत होतं. शिवाय खासगीला सरकारची गरज लागत नाही. मार्च 2020 मध्ये येस बँकेतून 50 हजारांवर रक्कम काढायला बंदी आली, तेव्हा सावरायला स्टेट बँक धावली, ती आपली शेजारधर्म म्हणून.

आता घरचंच बघा. 1943 साली आपल्या कोल्हापुरात निघालेली रत्नाकर बँक, म्हणजे आजची आरबीएल. पक्की खासगी. तिचा 60 टक्के हिस्सा घ्यायचा करार ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेनं जाहीर केला. त्या बँकेत मोठा वाटा कुणाचा? दुबई सरकारचा.

मग ही सरकारी धरायची का खासगी? शाहूपुरीत चहाच्या गाड्यावर विचारून या. तोवर पैसे गल्लीतल्या भिशीत टाका. तिथं मालक कोण, हे भिशी फुटल्यावरच कळतं.